आई ट्रेडमिलवर असताना : जिममधल्या एका पाळणाघराचं प्रकरण

मी बालवाडी शिक्षिका आणि पाळणाघरातल्या सेविकांची प्रशिक्षणं घेते. हे प्रकरण पुण्यातल्या एका जिमचं आहे. जिमचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

2023च्या दिवाळीनंतर या जिमच्या मालकांनी दुसऱ्या मजल्यावरची सामानाची खोली रिकामी केली, भिंतीवर फुगे आणि हत्ती रंगवून घेतले, खाली फोमच्या चटया टाकल्या आणि दारावर ‘किड्स झोन’ अशी पाटी लावली. कारण सरळ होतं. बाळंतपणानंतर व्यायाम सुरू करायला आलेल्या बायका दोन-तीन महिन्यांत येईनाशा व्हायच्या. फोन केला की एकच उत्तर मिळायचं, “बाळाला ठेवायचं कुठे?”

ही सोय खरोखर गरजेची होती, हे आधीच सांगते. प्रकरण वाचून कुणाला वाटेल की असल्या खोल्या बंदच कराव्यात. मला तसं वाटत नाही. तान्ह्या मुलाच्या आईला दिवसातला एक तास स्वतःसाठी मिळणं ही चैन नाही.

खोली चौदा बाय अकराची, म्हणजे 154 चौरस फूट. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ अशी वेळ. वयाची अट नव्हती, किती मुलं घ्यायची याला मर्यादा नव्हती, वेगळे पैसेही नव्हते. मुलं सांभाळायला मंदाताई होत्या. त्या आधी याच जिममध्ये हाउसकीपिंगला होत्या आणि पगार अजूनही सफाईच्या ठेकेदाराकडूनच यायचा. शिक्षण आठवीपर्यंत, मूळ गाव परभणीकडचं, स्वतःची तीन लेकरं वाढवलेली. मालकांनी त्यांनाच का निवडलं, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, मुलं तिच्याकडे आपोआप जातात.” हे खरंही होतं. पहिल्या भेटीत मी पाहिलं, मंदाताई भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसल्या होत्या आणि दीड वर्षांची एक मुलगी त्यांच्या पदराचं टोक तोंडात धरून शांत बसली होती.

काय घडलं

सप्टेंबर 2024, सोमवारची संध्याकाळ. सोमवारी झुंब्याला गर्दी असते. खोलीत चौदा मुलं, सगळ्यात लहान अकरा महिन्यांचं आणि सगळ्यात मोठा मुलगा सात वर्षांचा. सांभाळायला एकट्या मंदाताई.

एका चार वर्षांच्या मुलीला शू लागली. टॉयलेट बायकांच्या चेंजिंग रूममध्ये, मधल्या पॅसेजच्या पलीकडे. मंदाताईंनी तिला नेलं आणि जाताना सात वर्षांच्या मुलाला सांगितलं, “बघ रे जरा सगळ्यांकडं.” दोन-तीन मिनिटांत त्या परत आल्या. तेवढ्या वेळात कुणाच्या तरी डब्यातली शेंगदाण्याची चिक्की उघडली गेली होती आणि दोन वर्षांच्या एका मुलाने तुकडा तोंडात टाकला होता. तो लाल होऊन खोकत होता. खोकल्याचा आवाज मात्र येत होता.

मंदाताईंनी आधी तोंडात बोट घातलं. ते चूक होतं. न दिसणारी वस्तू बोटाने काढायला गेलं की ती आणखी खाली सरकते. आवाजी खोकला चालू असेल तर त्या मुलाला खोकू द्यायचं असतं. मग त्यांनी त्याला मांडीवर पालथा घेतला आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये थापा मारल्या. घास खरोखर अडकला असता तर करायचं ते हेच, पण त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात फ्लोअर मॅनेजर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. नशिबाने पाणी पाजायच्या आत दाणा बाहेर पडला.

आई सापडायला त्यानंतर चार-पाच मिनिटं लागली. वहीत फक्त ‘आरव’ असं लिहिलेलं होतं आणि त्या संध्याकाळी खोलीत दोन आरव होते. आधी दुसऱ्या आरवची आई रडत वर आली. खरी आई ट्रेडमिलवर होती, कानात इअरफोन.

मुलगा सुखरूप राहिला. बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासली आणि दोन-तीन दिवस खोकला, धाप किंवा घरघर याकडे लक्ष ठेवायला सांगितलं, कारण दाण्याचा कण श्वासनलिकेत राहिला तर तो साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. आईने दुसऱ्या दिवशी मालकांना एकच प्रश्न लिहून पाठवला : ‘माझ्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचं क्वालिफिकेशन काय आहे?’ मालकांकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मला बोलावलं गेलं.

नियम शोधताना

मालकांचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, कायद्याने नेमकं काय लागतं? तेवढं करून टाकू.” याचं एका ओळीत उत्तर नव्हतं आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच अडकलेलं आहे.

पाळणाघराचा कायदा म्हणून तेव्हा सगळ्यांना आठवायचा तो मातृत्व लाभ कायदा. 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येईल असं म्हटलं. पण हे पाळणाघर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. जिममध्ये येणारी बाई ग्राहक असते. शिवाय या जिममध्ये सगळे मिळून बावीस जण काम करत होते. म्हणजे हा कायदा इथे दोन्ही बाजूंनी लागू होत नव्हता.

त्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. या जिमला त्या बंधनकारक नव्हत्या, पण मोजायला पट्टी म्हणून चांगल्या होत्या. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि जोडीला मदतनीस, तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक सेविका आणि मदतनीस, दर मुलामागे 10 ते 12 चौरस फूट जागा. मुलं आत असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा बाहेरच्या माणसांना खोलीत येऊ द्यायचं नाही, हेही त्यात आहे. आमच्या खोलीत बारा चौरस फुटांनी जेमतेम बारा मुलं बसत होती. एसीची सर्व्हिसिंगही मुलं असतानाच व्हायची, कारण जिम तेव्हाच उघडी असायची.

थेट लागू होणारा नियम वेगळ्याच ठिकाणी सापडला, पोक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, 2020च्या नियमांत. तिसऱ्या नियमात स्पष्ट म्हटलं आहे की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नियमित संबंध येणारी कुठलीही संस्था असो, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने झाली पाहिजे. कायम असो वा कंत्राटी. त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षणही वेळोवेळी दिलं पाहिजे. खोलीला ‘किड्स झोन’ म्हणा किंवा आणखी काही, यातून सुटका नाही.

मालकांनी फाइल काढून दाखवली. त्यात मंदाताईंच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. “ही काय, पडताळणी आहे ना!” ते अगदी मनापासून म्हणाले. आधारवरून फार तर माणसाची ओळख कळते. पोलिसांकडे त्याच्या नावावर काही आहे का, हे त्यातून कळत नाही.

थोडक्यात, पडताळणीसाठी कायदा होता. पण दाणा घशात गेला तर काय करायचं हे सांभाळणाऱ्या बाईला माहीत असलंच पाहिजे, असं या खोलीला बांधून घालणारं कलम मला कुठे मिळालं नाही. तो नियम आपला आपणच करायचा होता.

याच सुमारास मेलबर्नला सात वर्षं राहून परतलेल्या एका सदस्याने तिथलं सांगितलं. ऑस्ट्रेलियात पालक त्याच इमारतीत असतात म्हणून जिमची पाळणाघरं साधारणपणे राष्ट्रीय बालसंगोपन चौकटीच्या बाहेर राहतात. मात्र मुलांसोबत काम करणाऱ्या माणसाची राज्य सरकारी तपासणी तिथेही चुकत नाही, आणि व्हिक्टोरिया राज्यात ती पाच वर्षांपुरती चालते. नेहमीच्या पाळणाघरांत दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक माणूस लागतो. हा चारचा आकडा आम्ही उचलला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय खोली बंद करण्याचा. मालकांच्या भावाचा आग्रह यासाठीच होता आणि त्यात चूक काही नव्हतं. पण बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारल्यावर सगळ्यात आधी ‘बंद करू नका’ असं लिहिलं ते त्या आरवच्याच आईने. पुढे तिने लिहिलं होतं, ‘नीट करा.’

दुसरा पर्याय, शेजारच्या प्लेस्कूलला खोली चालवायला देण्याचा. त्यांनी होकार दिला, पण संध्याकाळी सातनंतर माणूस द्यायला ते तयार नव्हते. जिमची खरी गर्दी साडेसहा ते आठ.

तिसरा, मंदाताईंना काढून कोर्स केलेली शिक्षिका नेमण्याचा. मालकांचं मन इकडे झुकलं होतं. आईने क्वालिफिकेशन विचारलं होतं, तेव्हा भिंतीवर सर्टिफिकेट लावलं की विषय संपतो, असा हिशोब.

इथे मी हट्टाने विरोध केला. घडलेल्या प्रसंगात मंदाताईंच्या शिक्षणापेक्षा मोठी चूक ही होती की चौदा मुलांमागे माणूस एकच होता. मॉन्टेसरीचा डिप्लोमा केलेली बाई त्या जागी असती तरी एका मुलीला टॉयलेटला नेताना तेरा मुलं मागे एकटीच राहिली असती. दुसरं, मंदाताईंकडे जे होतं ते कोर्समध्ये सहज मिळत नाही. चौदा मुलांपैकी कुणाला ताप चढतोय हे त्या हात न लावता सांगायच्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला घडवलेलं बालशिक्षण ज्यांनी वाचलं आहे, त्यांना घरच्या बाईच्या या जाणतेपणाची किंमत वेगळी सांगायला नको. पण तेवढ्यावर भागत नाही हेही खरं. बोट तोंडात गेलं होतंच.

म्हणून चौथा पर्याय पुढे आला : मंदाताई राहतील, त्यांच्यासोबत एक प्रशिक्षित शिक्षिका येईल आणि दोघींपैकी एक जरी नसेल तरी त्या दिवशी खोली उघडणार नाही.

काय ठरलं आणि कसं झालं

पडताळणीपासून सुरुवात केली, आणि सगळ्यात जास्त ताण तिथेच आला. आम्ही यादी केली तेव्हा मंदाताई, येणारी शिक्षिका, फ्लोअर मॅनेजर, दोन हाउसकीपिंगवाले, वॉचमन आणि खोलीत ये-जा करणारे तीन ट्रेनर अशी नऊ नावं निघाली. योगा मॅट मुलांच्या खोलीतल्याच कपाटात असायच्या, त्यामुळे ट्रेनर दिवसातून दहादा आत यायचे. बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण होऊन महिनाच झाला होता. वातावरण असं होतं की कागद मागितला की समोरच्याला आरोप वाटायचा. एक ट्रेनर मला म्हणाला, “मॅडम, पाच वर्षं आहे मी इथं. आता माझ्यावर संशय?”

मालकांनी इथे चांगली गोष्ट केली. त्यांनी पहिला अर्ज स्वतःचा भरला आणि मीटिंगमध्ये त्याची पावती टेबलावर ठेवली. “मी पण मुलांच्या खोलीत जातो. माझाही दाखला येऊ दे,” एवढंच बोलले. त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही. मॅटचं कपाट मात्र आम्ही हॉलमध्ये हलवलं. ट्रेनरना आत जायचं कारणच उरलं नाही, आणि हे काम तर फुकटात झालं.

मंदाताईंच्या अर्जात अडचण आली. आधारवर गावचा पत्ता, राहायला पुण्यात भाड्याची खोली आणि घरमालक भाडेकरार करायला तयार नाही. तीन आठवडे गेले. तोवर त्यांनी खोलीत काम करायचं की नाही, हा प्रश्न आला. मी सांगितलं, नाही. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, लेकराच्या घशातलं म्या काढलं, अन् चोर मीच झाले का?” मला उत्तर सुचलं नाही. मालकांनी त्या तीन आठवड्यांचा पगार कापला नाही, पुढे त्यांना ठेकेदाराकडून काढून जिमच्या हजेरीपटावर घेतलं आणि पगार वाढवला. हे आधीच करायला हवं होतं. मुलांची जबाबदारी असलेल्या बाईचा मालक सफाईचा ठेकेदार असतो, तेव्हा तिला ‘आज मुलं जास्त आहेत, मी घेणार नाही’ असं म्हणायची सोयच नसते.

शिक्षिकेसाठी आम्ही बारावी आणि बालशिक्षणाचा किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम एवढीच अट ठेवली. सहा मुलाखती झाल्या. प्रत्येकीला मी कापडी बाहुली हातात दिली आणि म्हटलं, हे दहा महिन्यांचं बाळ आहे, याच्या घशात काहीतरी अडकलंय, आवाज येत नाही, आता काय कराल? बाळ एक वर्षाखालचं असेल तर डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब. एक वर्षावरच्या मुलाला पाठीवरच्या थापांनंतर पोटावर दाब. सहापैकी एकीलाही हे पूर्ण आलं नाही. सगळ्यांकडे सर्टिफिकेट होतं. मी निवडली ती तेवीस वर्षांची श्रुती, कारण तिने सरळ सांगितलं, “मला येत नाही. शिकवाल का?”

मग दोघींना, मॅनेजरला आणि ट्रेनरना एकत्र बसवून प्रथमोपचाराचं दिवसभराचं प्रशिक्षण झालं. सीपीआरही त्यातच. अर्धा दिवस पोक्सोवर दिला : शंका आली तरी पोलिसांना कळवणं कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर कशासाठी आहे. त्या बैठकीत मंदाताईंनी विचारलेला प्रश्न सगळ्यात नेमका होता : “अन् शंका मालकावरच आली तर कुणाला सांगायचं?” तोच 1098 किंवा थेट पोलीस. आम्ही तो नंबर खोलीत आतल्या बाजूने, त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावला.

खोलीचे नियम एका पानात बसवले. एक वर्षाखालचं मूल घ्यायचं नाही, कमाल वय सहा. एका वेळी दहा मुलं, त्यात दोन वर्षांखालची चारच. जास्तीत जास्त दीड तास. खाऊ आणायचा नाही, फक्त पाणी. सोडेल तीच व्यक्ती नेईल. आईच्या मनगटावर नंबरचा बँड आणि त्याच नंबरचा मुलाच्या पाठीवर. मुलाचं आडनाव, आईचा फोन, ॲलर्जी आणि आई कुठल्या मजल्यावर आहे हे वहीत. इअरफोन एका कानातच. डायपर आईच बदलेल. ट्रेनरनी मुलांचे रील काढायचे नाहीत.

कॅमेऱ्यावरून वाद झाला. मालकांना खोलीतलं चित्र ट्रेडमिलसमोरच्या टीव्हीवर लावायचं होतं, म्हणजे आयांना दिसत राहील. 2016मध्ये खारघरच्या पाळणाघरातली मारहाण कॅमेऱ्यामुळेच बाहेर आली होती, असा त्यांचा मुद्दा, आणि तो खरा होता. पण टीव्हीवर लावलं की पन्नास अनोळखी माणसं दुसऱ्यांची मुलं बघत राहतात. शेवटी कॅमेरा ठेवला, चित्रीकरण साठवायचं आणि कुण्या पालकाने मागितलं तर मॅनेजरसमोर दाखवायचं, असं ठरलं.

परिणाम

खोली नोव्हेंबर 2024मध्ये पुन्हा उघडली, पण फक्त संध्याकाळी. श्रुती सकाळी एका नर्सरीत शिकवते आणि सकाळच्या दोन तासांसाठी दुसरी शिक्षिका मिळेना. सकाळच्या अकरा आयांची सोय गेली. त्यातल्या चौघींनी जिम सोडली. त्यांतली एक पहिल्या दिवसापासूनची सदस्य होती. महिन्याला पाचशे रुपये फी लावली तेव्हा आणखी थोडी नाराजी झाली. त्यातून दोघींचे पगार निघत नाहीत, उरलेलं जिम भरते.

फेब्रुवारीत एका मुलाला ताप असताना आई सोडायला आली. मंदाताईंनी दारातच थांबवलं. आई चिडली, मालकांकडे गेली. मालक म्हणाले, “खोलीत कोण येणार ते ताई ठरवतात.” श्रुती आणि मंदाताई यांचं सुरुवातीला जमत नव्हतं. वयाने निम्मी मुलगी ‘मॅडम’ आणि आपण मदतनीस, हे ताईंना लागलं होतं. नियमांच्या कागदावर दोघींनाही ‘ताई’च लिहा, अशी सूचना श्रुतीनेच केली.

आज पुन्हा करायचं झालं तर

सकाळची वेळ बंद करण्याआधी त्या अकरा आयांना मी एकत्र बसवलं असतं. त्यांच्यातली एक बालवाडी शिक्षिका होती आणि काम शोधत होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मंदाताईंना तीन आठवडे बाहेर ठेवण्याचा निर्णय मी आजही तोच घेईन. मात्र अर्ज करायच्या आदल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून तो का लागतो, नऊ जणांत त्यांचं नाव कसं आलं आणि पत्त्याचा पुरावा अडेल तेव्हा काय करायचं, हे सगळं सांगेन. आम्ही ते मीटिंगमध्ये सगळ्यांना मिळून सांगितलं आणि त्यांना ते जिन्यात एकटीला झेलावं लागलं.

पडताळणी किती काळाने पुन्हा करायची, याचा आकडा नियमांत नाही. आम्ही दर वर्षी असं लिहून ठेवलं. ऑक्टोबर 2025मध्ये पहिलं वर्ष भरलं. मी गेले तेव्हा नऊपैकी सात दाखले फाइलला होते, दोन ट्रेनरचे बाकी. मंदाताईंचा सगळ्यात वर होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. भाडेकरार त्यांनी या वेळी स्वतःच घरमालकाच्या मागे लागून करून घेतला होता.